विश्लेषण : करुण नायरविना विदर्भ रणजी करंडक राखणार का? आसेगावपासून नागपूरपर्यंत चाहत्यांना धाकधूक कशाची?

रणजी करंडक क्रिकेट स्पर्धेचा २०२५-२६ चा हंगाम १५ ऑक्टोबरपासून सुरू होत आहे. गतविजेता विदर्भ मैदानात उतरेल तो नुकताच इराणी चषक जिंकून. पण संघातला सर्वात मोठा फलंदाज आता संघात नाही. वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावांत सध्या सोयाबीनच्या सोंगणीची घाई आहे. तरीही हातात मोबाइल आला की चर्चा निघते ती ‘आपल्या’ विदर्भाची. विजेतेपद राखणे शक्य आहे का? संघाची खरी ताकद कुठे आणि दुखरी जागा कुठे?

विदर्भ ‘आपला’ कधी झाला?

विदर्भाचा संघ रणजीत पहिल्यांदा खेळला १९५७-५८ मध्ये. त्यानंतर तब्बल ६० वर्षे करंडक दूरच राहिला. त्यामुळे वऱ्हाडातला जुना क्रिकेटप्रेमी रणजीच्या गप्पा मारायचा त्या मुंबईच्या. चित्र पालटले २०१७-१८ मध्ये. फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला हरवले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात हॅट्ट्रिक घेतली. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्रावर ७८ धावांनी मात करून विदर्भाने करंडक राखला. म्हणजे विजेतेपद टिकवण्याची कामगिरी या संघाने आधी एकदा केलेली आहे. २०२३-२४ च्या अंतिम फेरीत मुंबईकडून हार पत्करावी लागली. त्याची परतफेड फेब्रुवारी २०२५ मधील उपांत्य सामन्यात झाली. विदर्भाने मुंबईला ८० धावांनी नमवले आणि पुढे केरळविरुद्ध तिसऱ्यांदा करंडक उंचावला.

करुण नायर गेल्याने किती फरक पडेल?

करुण नायर कर्नाटक सोडून २०२३-२४ मध्ये विदर्भाकडे आला. गेल्या रणजी हंगामात त्याने ८६३ धावा केल्या. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी होती. तिथून त्याने आणि दानिश मालेवारने २१५ धावांची भागीदारी केली. नायरने पहिल्या डावात ८६ आणि दुसऱ्या डावात १३५ धावा केल्या. या कामगिरीच्या बळावर त्याला आठ वर्षांनी कसोटी संघाचे दार उघडले. आता तो पुन्हा कर्नाटककडून खेळणार आहे. त्याच्या धावा दुसरा कोणी काढेलही, पण ३ बाद २४ अशा वेळी खेळपट्टीवर उभे राहणारे शांत डोके कुठून आणायचे, ही चाहत्यांची खरी चिंता आहे. अमरावतीचा जितेश शर्माही बडोद्याकडे गेला आहे. मात्र तो मुख्यत्वे मर्यादित षटकांचा खेळाडू असल्याने रणजीत त्याची उणीव तितकी भासणार नाही.

मग धावा कोण करणार?

गेल्या रणजी हंगामात देशात सर्वाधिक धावा करणारा फलंदाज विदर्भाचाच होता, पण तो नायर नव्हे. यश राठोडने ९६० धावा केल्या. यंदा दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य विभागाकडून खेळताना त्याने १९४ धावांची खेळी केली. केरळविरुद्ध १५३ आणि ७३ धावा करून सामनावीर ठरलेल्या मालेवारने त्याच दुलीप स्पर्धेत द्विशतक ठोकले. ध्रुव शोरी आणि कर्णधार, यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांचा अनुभव आहेच.

वाशीमकरांना जवळचा वाटेल असा खेळाडू म्हणजे अथर्व तायडे. तो अकोल्याचा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा होईपर्यंत अकोल्याचाच भाग होता. त्यामुळे आसेगावच्या चाहत्यासाठी तायडे हा ‘जिल्ह्यातलाच पोरगा’. इराणी चषकात शेष भारताविरुद्ध त्याने १४३ धावा केल्या आणि राठोडने ९१. विदर्भाने तो सामना ९३ धावांनी जिंकला. म्हणजे नायरविना खेळण्याची पहिली परीक्षा संघ उत्तीर्ण झाला आहे.

दुखरी जागा कोणती?

फलंदाजीपेक्षा गोलंदाजीकडे अधिक काळजीने पाहायला हवे. डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबेने गेल्या मोसमात ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामातील हा विक्रम आहे. त्याने बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ बळींचा विक्रम मोडला. इराणी चषकातही शेवटच्या डावात त्याने चार गडी बाद केले. पण एकाच खेळाडूवर इतका भार असला की दोन धोके संभवतात : दुखापत आणि राष्ट्रीय निवड. दुबे यंदा भारत ‘अ’ संघासोबत इंग्लंडला जाऊन आला आहे. ऐन मोसमात त्याला पुन्हा बोलावणे आले तर चाहत्यांना अभिमान वाटेल, पण विदर्भाची अडचण होईल.

अशा वेळी पार्थ रेखाडेकडे नजर जाईल. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केले होते. गुरबानी महाराष्ट्राकडे गेल्यानंतर वेगवान माऱ्याची जबाबदारी यश ठाकूर, दर्शन नळकांडे, नचिकेत भुते, आदित्य ठाकरे यांच्यावर आहे. यापैकी नळकांडे वर्ध्याचा, तर ठाकरे अकोल्याचा.

गट कसा आहे? गुणांचे गणित काय?

एलिट विभागात ३२ संघ चार गटांत विभागले आहेत. प्रत्येक संघ सात साखळी सामने खेळेल आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जातील. विदर्भ ‘अ’ गटात आहे. तमिळनाडू, बडोदा, उत्तर प्रदेश, झारखंड, आंध्र, ओडिशा आणि नागालँड हे त्याचे प्रतिस्पर्धी. नायरचा कर्नाटक वेगळ्या गटात असल्याने साखळीत त्याच्याशी गाठ नाही. जितेशचा बडोदा मात्र समोर येईल.

निर्णायक विजयाला सहा गुण मिळतात. डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास एक जादा गुण. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला एक. गेल्या वर्षी विदर्भाने सातपैकी सहा साखळी सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात पहिल्या डावातील ३७ धावांची आघाडी करंडक देऊन गेली. म्हणून शेवटच्या फलंदाजांनी काढलेल्या वीस-पंचवीस धावांनाही मोल आहे.

पाच साखळी सामने नोव्हेंबरपर्यंत होतील, उरलेले दोन जानेवारीच्या अखेरीस. मध्ये दोन महिने मर्यादित षटकांचे क्रिकेट. लाल चेंडूवर सापडलेली लय तोपर्यंत टिकवणे सोपे नाही. त्यामुळे दिवाळीच्या आसपासचे सामने महत्त्वाचे ठरतील.

या हंगामात पणाला काय लागले आहे?

पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी वसीम जाफर संघात होता, तिसऱ्या वेळी नायर. पाहुण्याने पाया घालायचा आणि घरच्यांनी त्यावर इमारत चढवायची, असे हे सूत्र. यंदा तेवढ्या वजनाचे बाहेरचे नाव नाही. यश आले तर श्रेय राठोड, मालेवार, दुबे, तायडे यांचे असेल. ११ जिल्ह्यांच्या विदर्भात आसेगावसारख्या ठिकाणी टेनिस बॉलवर खेळणाऱ्या मुलांसाठी ते अधिक मोलाचे. अकोल्याचा मुलगा शतक ठोकून इराणी चषक जिंकून देत असेल, तर शेलूबाजारहून समृद्धी महामार्गाने काही तासांवर असलेले नागपूर फार लांब उरत नाही. करंडक राखला जाईल की नाही, ते फेब्रुवारीत कळेल. सध्या तरी सोंगणीच्या धावपळीत मोबाइलवर धावफलक पाहणाऱ्या चाहत्याला आशा बाळगायला पुरेसे कारण आहे.