मावळ्याचा फोटो काढताना मागे सरका

दिवाळीचा किल्ला बांधून झाला, मावळे मांडले की मोबाइल बाहेर निघतात. हाताने रंगवलेला चार इंची मातीचा मावळा समोर कसा ऐटीत उभा असतो! फोटोत मात्र त्याची मूठ चेहऱ्याएवढी होते आणि फेट्यावर पांढरा डाग पडतो. मग ठरलेलं वाक्य येतं, ‘मॅक्रो लेन्स पाहिजे होती.’

नसली तरी चालते. खरी मॅक्रो लेन्स वस्तू सेन्सरवर आहे तेवढ्याच आकाराची उमटवू शकते. फुल फ्रेम सेन्सर असतो ३६ बाय २४ मिलिमीटरचा; म्हणजे तिची सगळी ताकद वापरली तर चार इंची मावळ्याचा फार तर चेहरा नि छाती फ्रेममध्ये येईल. अख्खा मावळा बसवायला तिची एक-तृतीयांश ताकद पुरे, आणि कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या बऱ्याच साध्या लेन्स त्याच्या जवळपास पोचतात. मॅक्रोची गरज नुसते डोळे-मिशा टिपायला, नाहीतर २८ मिलिमीटरच्या इवल्या प्लास्टिक सैनिकांना.

दुसरा हट्ट जवळ जाण्याचा. मोबाइल नाकाला टेकवला की बारकावे येतात, असं वाटतं खरं. पण समजा, तलवारीची मूठ चेहऱ्याच्या तीन सेंटीमीटर पुढे आहे. चेहऱ्यापासून दहा सेंटीमीटरवरून फोटो काढला तर ती मूठ चेहऱ्याच्या मानाने सुमारे ४३ टक्के मोठी दिसते. चाळीस सेंटीमीटरवरून जेमतेम ८ टक्के. म्हणून मागे सरकावं आणि मोबाइलला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरावी. नसेल तर नंतर फोटो कापावा. आणखी एक फायदा म्हणजे त्याच लेन्सने मागे गेल्यावर फोकसची खोली वाढते, भाल्याचं टोक आणि पाठीवरची ढाल दोन्ही स्पष्ट येण्याची शक्यता वाढते.

कॅमेरेवाले यावर म्हणतात, ‘एफ बावीस ठेवा, सगळं शार्प येईल.’ एफचा आकडा वाढवून लेन्सचं छिद्र लहान केलं की खोली वाढते हे बरोबर. पण फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. आठ ते अकराच्या दरम्यान थांबलेलं बरं.

आता फेट्यावरचा तो पांढरा डाग. माझ्या मते निम्मे फोटो इथेच बिघडतात. फ्लॅश हा लेन्सशेजारचा एक ठिपका. वॉर्निश मारलेल्या रंगावर तो ठिपक्यासारखाच उमटतो. जास्त उजेड म्हणजे चांगला फोटो, हा समजच सोडायला हवा. उजेड मऊ होतो तो वस्तूच्या मानाने मोठ्या जागेतून आला की. मावळा लहान असल्याचा इथे फायदाच आहे. टेबललॅम्पसमोर ए-फोर आकाराचा बटर पेपर वीतभर अंतरावर धरला (बल्बला चिकटवून नव्हे, तो तापतो), की मावळ्यापुरती ती मोठी खिडकीच झाली. चकाकी त्यानेही पूर्ण जात नाही, पसरून सौम्य होते. उरलेली दिवा थोडा बाजूला सरकवून घालवावी. उजेड कमी वाटला तर मोबाइल पुस्तकांना टेकवून टायमर लावावा.

पणत्या, ट्यूबलाइट आणि रंगीत माळा एकदम चालू ठेवून रंग खरे येत नाहीत. पणती तांबूस, ट्यूबलाइट निळसर. व्हाइट बॅलन्स एका वेळी एकालाच सांभाळतो. फोटोपुरते बाकीचे दिवे बंद करा.

मागे पांढरा कागद लावला की फोटो उजळतो, हेही उलटंच. कॅमेरा त्या पांढऱ्याला करडं समजून एक्स्पोजर उतरवतो आणि मावळा काळवंडतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वर सरकवा, किंवा सरळ राखाडी कागद लावा.

कॅमेरा मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायला जमिनीवर आडवं व्हावं लागतं. कपडे खराब होतात, पण मागचे हळिवाचे कोंब झाडांसारखे दिसू लागतात. रंगवणाऱ्यांनी तर वॉर्निश मारण्याआधीच असा एक फोटो काढून मोठा करून पाहावा. भुवईवर ओघळलेला काळा रंग तेव्हाच दिसतो, आणि तेव्हा तो दुरुस्तही करता येतो.