देखाव्यातील लहान वस्तूंची निवड

दिवाळीच्या सुमारास गावोगावी मुले मातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात आणि मावळ्यांची चित्रे मांडतात. गौरीपुढे आरास होते. शाळेतही बाजार, शेत, पाणवठा, गडाचा दरवाजा असे देखावे इतिहासाच्या व परिसराच्या अभ्यासासाठी तयार करण्यात येतात. या देखाव्यांतील चित्रे सामान्यतः चांगली असतात. उणीव राहते ती त्यांच्याभोवती मांडलेल्या वस्तूंत. भातुकलीतले जाते, बाहुलीची खुर्ची, आगगाडीच्या खेळातली झाडे, कोणाच्या घरी सापडलेला प्लास्टिकचा हत्ती, असे जे मिळेल ते ठेवून मोकळी जागा भरली जाते. देखावा भरगच्च दिसतो. परंतु त्यातून काय शिकावयाचे ते हरवून जाते.

ही बाब क्षुल्लक समजू नये. मावळ्याच्या गुडघ्याएवढी गाय पाहून मूल हसते, कारण खरी गाय त्याने पाहिलेली असते. पखाल, कणगी, मोट किंवा उखळ यांच्याविषयी तसे घडत नाही. आजच्या पुष्कळ मुलांनी या वस्तू पाहिलेल्याच नाहीत. न पाहिलेली वस्तू देखाव्यात जशी मांडली जाईल, तशीच ती मुलाच्या मनात राहते. पुढे ती चूक दुरुस्त करणारा अनुभव त्याला मिळेलच असे नाही. म्हणून देखाव्यातील प्रत्येक वस्तू तीन कसोट्यांवर पारखून घ्यावी: तिचे माप, तिचा काळ आणि तिचे काम.

माप

वस्तू गोळा करण्यापूर्वी माणसाचे चित्र निश्चित करावे. त्याची उंची हीच संपूर्ण देखाव्याची मोजपट्टी होय. समजा, उभ्या माणसाचे चित्र १० सें.मी. उंच आहे. खऱ्या माणसाची उंची १६० सें.मी. धरली, तर या देखाव्यात प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या सोळाव्या हिश्शाएवढी असावयास हवी. मुलांनी घरोघरी जाऊन खऱ्या वस्तू मोजाव्यात आणि त्या मापाला सोळाने भागावे. १९२ सें.मी. उंचीचा दरवाजा १२ सें.मी. होईल. खांद्यापाशी १२८ सें.मी. भरणारी गाय ८ सें.मी. होईल. ४० सें.मी. व्यासाचे जाते अडीच सें.मी. आणि १२० सें.मी. लांबीचे मुसळ साडेसात सें.मी. भरेल. भागाकाराचे याहून सार्थ उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधूनही मिळणे कठीण आहे. ज्या घरी जाते अजून माळ्यावर पडून आहे, तेथे ते मोजताना आजीकडून त्याची माहितीही मुलांना आपोआप मिळते.

उलट हिशेबही करून पाहावा. भातुकलीतील ८ सें.मी. व्यासाचे जाते हातात सुबक दिसते. त्याला सोळाने गुणले की १२८ सें.मी. होतात. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या चित्राशेजारी ते ठेवले, तर बैलगाडीच्या चाकाएवढे जाते दळावयास बसल्यासारखे दिसेल. यात भातुकलीचा दोष नाही. ती मुलांच्या हातांसाठी घडविलेली असते, चित्रांच्या हातांसाठी नव्हे. सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणारी रंगीत लाकडी फळे अशीच आहेत. ती बहुधा खऱ्या फळांच्या आकाराची असल्याने मुलांच्या दुकान-दुकान खेळात शोभतात. लहान चित्रांच्या बाजारात मात्र त्यांतील आंबा पोत्याहून मोठा ठरतो.

विकत मिळणाऱ्या बाहुलीघराच्या सामानाचेही एक ठरलेले प्रमाण असते. एका फुटाला एक इंच, म्हणजे बाराव्या हिश्शाचे प्रमाण त्यात विशेष रूढ आहे. इंग्लंडमधील विंडसर येथे राणी मेरीचे प्रसिद्ध बाहुलीघर आहे. १९२१ ते १९२४ या काळात बांधलेल्या त्या घराचा आराखडा, नव्या दिल्लीच्या उभारणीत ज्यांचा प्रमुख वाटा होता त्या एडविन लट्येन्स यांनी केला. त्यातील सर्व सामान याच बाराव्या हिश्शाच्या प्रमाणात असल्याने, नुसते छायाचित्र पाहणाऱ्यास ते खरेच दालन वाटावे इतका मेळ त्यात साधला आहे. या प्रमाणातील खुर्चीची बैठक सुमारे साडेतीन सें.मी. उंच असते. सोळाव्या हिश्शाच्या देखाव्यात तीच खुर्ची ५६ सें.मी. उंचीची होते आणि तिच्यावर बसविलेल्या चित्राचे पाय अधांतरी राहतात. खेळातल्या आगगाडीची झाडे तर कित्येकदा सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असतात. तेथला १० सें.मी.चा वृक्ष येथे माणसाच्या उंचीचे झुडूप ठरतो. यास्तव खरेदीस जाताना चित्र व मोजपट्टी दोन्ही बरोबर न्यावीत.

निसर्गही या हिशेबातून सुटत नाही. किल्ल्यावर उगवलेले अळीव ५ सें.मी. वाढले की ते मावळ्याच्या कमरेपर्यंत येते, आणि ८ सें.मी. झाले की खांद्यापर्यंत पोहोचते. चित्रांजवळचे अळीव कात्रीने कापून घ्यावे. उतारावरचे तसेच वाढू द्यावे; तेथे ते रानासारखे शोभते.

काळ

माप बरोबर असूनही वस्तू चुकीची असू शकते. शिवराज्याभिषेक रायगडावर १६७४ साली झाला. त्या काळाच्या देखाव्यात रॉकेलचा कंदील ठेवता येणार नाही, कारण तो एकोणिसाव्या शतकातला आहे. ॲल्युमिनियमची भांडीही चालणार नाहीत. हा धातू स्वस्तात तयार करण्याची रीत १८८६ साली सापडली. स्टेनलेस स्टील तर विसाव्या शतकातले. चंदेरी कागद लावलेली कळशी शिवकालीन पाणवठ्यावर ठेवली म्हणजे तीनशे वर्षांचे अंतर एका क्षणात पुसले जाते. तेथे मातीची मडकी, तांब्या-पितळेची भांडी, पणती, मशाल, कातडी पखाल, दोरखंड व बांबूच्या टोपल्या याच वस्तू योग्य होत. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे सैनिक बहुधा आधुनिक बंदुका व शिरस्त्राणे धारण केलेले असतात. मावळ्यांच्या रांगेत त्यांना स्थान देऊ नये.

काळाबरोबर स्थळाचाही विचार हवा. कोकणातील घराचे छप्पर उतरते असते, तर देशावरील धाब्याच्या घराचे सपाट. भाताच्या खाचरात काम करणाऱ्या बाईच्या पाठीवर इरले असते. जोंधळ्याची राखण करणाऱ्याच्या हाती गोफण असते. यांची सरमिसळ झाली की तो देखावा कोणत्याच गावाचा राहत नाही.

काम

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. देखाव्यातील प्रत्येक वस्तू कोणाच्या ना कोणाच्या उपयोगाची असली पाहिजे. ‘ही वस्तू कोणाची, आणि तो तिचे काय करीत आहे?’ असा प्रश्न मुलांना विचारावा. ‘जागा रिकामी होती म्हणून ठेवली’ असे उत्तर आले, तर ती वस्तू उचलून घ्यावी.

उदाहरण म्हणून हिरकणीच्या आख्यायिकेचा देखावा घेऊ. दूध विकावयास रायगडावर आलेल्या हिरकणीला सायंकाळी दरवाजे बंद झाल्याने खाली जाता आले नाही. घरी तान्हे मूल होते. ती अवघड कड्यावरून उतरून गेली, अशी ही परंपरागत कथा असून गडावरील एका बुरुजास तिचे नाव आहे. या प्रसंगासाठी हिरकणी व दोन पहारेकरी अशी तीनच चित्रे पुरेत. वस्तूही मोजक्याच लागतात. दरवाजा बंद आहे हे दाखविण्यासाठी त्याला आडवा अडसर हवा. सायंकाळ झाल्याचे दाखविण्यासाठी मशाल हवी. पहारेकऱ्यांच्या हाती भाले हवेत. दोन मीटरचा भाला येथे साडेबारा सें.मी.चा होईल. हिरकणीजवळ दुधाची घागर हवी, आणि ती रिकामी आहे हे कळण्यासाठी आडवी कललेली हवी. शेजारी चुंबळ पडलेली असावी. दूध विकून झाले आहे, तिला आता घर गाठावयाचे आहे, हे त्या रिकाम्या घागरीवरून मूल स्वतःच सांगते. या देखाव्यात तोफ, हत्ती किंवा फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या, तर लक्ष घागरीवरून उडून तिकडे जाईल.

येथे मापाच्या नियमाला एक अपवादही समजावून देता येतो. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर आहे. सोळाव्या हिश्शाने तो रचावयाचा म्हटले तर ५१ मीटरचा डोंगर करावा लागेल. ते अशक्य आहे, म्हणून दूरचे दृश्य लहान करावयाचे असते. चित्रांजवळच्या वस्तू काटेकोर मापाच्या असाव्यात. कड्याच्या तळाशी मात्र बोटाच्या पेराएवढी झोपडी ठेवावी. ती लहान असल्यामुळेच दूर भासते, आणि हिरकणीला किती खाली उतरावयाचे आहे ते डोळ्यांना कळते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी रायगड हा एक आहे, ही माहितीही ओघाने सांगता येईल.

वस्तू कोठून आणाव्यात

वर्गातील सर्व मुलांची ऐपत सारखी नसते. विकतच्या सामानावर भर दिला की चार मुले देखावा करतात आणि बाकीची हाताची घडी घालून उभी राहतात. मापाची दृष्टी आली म्हणजे टाकाऊ वस्तूंतूनच बहुतेक सामान मिळते. सोडावॉटरच्या बाटलीचे पत्र्याचे झाकण सुमारे ३ सें.मी. रुंद असते. सोळापट केल्यास ते ४८ सें.मी.चे होते. उताणे ठेवले तर परात आणि काळा रंग देऊन पालथे धरले तर ढाल. दोन काड्यापेट्या एकावर एक चिकटविल्या की पेटारा होतो. सुपारीवर मातीचा गळा चढविला की घागर तयार होते. मोहरीचे दाणे लहान लिंबांएवढे व ज्वारीचे दाणे कांद्यांएवढे दिसतात; बाजाराच्या देखाव्यात त्यांचे ढीग मांडता येतात. सुतळीच्या धाग्याचा दोरखंड होतो, आणि ज्वारीच्या ताटांची बैलगाडी करण्याची कला खेड्यातील मुलांना शिकवावी लागत नाही. ज्या मुलाच्या घरी विकतचे एकही खेळणे नाही, तेच मूल कित्येकदा येथे सर्वांचा मार्गदर्शक ठरते.

निवड करताना सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करू नये. गुंजा दिसावयास मोहक असल्या तरी त्या विषारी आहेत. त्या देखाव्यात मुळीच वापरू नयेत. बटणाच्या आकाराचे विद्युत्‌घट व लहान लोहचुंबक गिळले गेल्यास प्राणावर बेतू शकते, म्हणून तेही टाळावेत. बारीक वस्तूंचा देखावा अंगणवाडीतील बालकांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर मांडावा. कागद व गवत यांच्याजवळ खरी ज्योत लावू नये. मशालीस केशरी कागद पुरेसा आहे. सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यास महाराष्ट्रात २०१८ साली बंदी घालण्यात आली आहे. खेळणी विकत घ्यावयाचीच असतील, तर १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून आवश्यक झाले आहे, हे ध्यानात ठेवावे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालास त्यातून सूट आहे.

मुंबईस सहल जाणार असेल, तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयास अवश्य भेट द्यावी. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात लोकांचे पोषाख, धंदे व जीवन दाखविणाऱ्या मातीच्या लहान मूर्ती आणि देखावे आहेत. मुलांनी ते पाहताना प्रत्येकी एकच देखावा निवडावा, त्यातील वस्तू मोजाव्यात आणि प्रत्येक वस्तू कोणाच्या कामाची आहे ते वहीत लिहावे.

शाळेतील देखावा पूर्ण झाल्यावर तो पाहुण्यांना दाखविण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. एका मुलाने एक वस्तू उचलावी आणि दुसऱ्याने तिचे नाव, खरे माप, काळ व उपयोग सांगावा. ज्या वस्तूविषयी कोणालाच काही सांगता येत नाही, ती बाजूला ठेवावी. शेवटी पाच-सहाच वस्तू उरल्या तरी हरकत नाही. त्या पाच-सहा वस्तू मुलांना नीट कळलेल्या असतील, आणि देखावा मोडून माती अंगणात परत गेल्यावरही त्यांचे ज्ञान मुलांपाशी राहील.