एकशेवीस पानांतली शंभर

दशावतारी गंजिफ्याच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या, डावात १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि दर रंगात बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. म्हणजे देवादिकांची चित्रं असलेली पानं अवघी २०. उरलेल्या १०० पानांवर नुसते मोजून काढलेले मासे, कासवं, चक्रं, कमंडलू, परशू. ही पानं आजही जिथे रंगवली जातात त्या सावंतवाडीला आलेलं गिऱ्हाईक हरखतं ते त्या २० पानांवर. नरसिंहाचा राजा चौकटीत बसून दिवाणखान्यात लागतो, मत्स्यावतार चहाच्या कपाखालच्या चकतीवर येतो, कृष्ण शुभेच्छापत्रावर. दुर्री-तिर्रीला कोण विचारतो? माझं म्हणणं असं की गंजिफ्याची कारागिरी खरी राहते ती या बिनचेहऱ्याच्या शंभर पानांत. ती खेळण्यासाठी काढली जाणं थांबलं, तर वरच्या वीस पानांतलाही जीव हळूहळू जाईल. तेव्हा सावंतवाडीला आज आणखी देखण्या गंजिफ्याची गरज कमी आहे. गरज आहे ती स्वस्त, जाड्याभरड्या आणि हाताळून मळेल अशा गंजिफ्याची.

सावंतवाडी आज सिंधुदुर्गात मोडते, पण १ मे १९८१ पर्यंत ती रत्नागिरी जिल्ह्यातच होती, आणि मुंबई इलाख्याच्या १८८० च्या गॅझेटियरनेही रत्नागिरी व सावंतवाडी एकाच खंडात बांधली होती. त्यामुळे रत्नागिरीकराने गंजिफ्याला ‘तिकडची’ कला म्हणून हात झटकू नयेत. खेळ मात्र मूळचा कोकणातला नव्हे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, आणि अकबराच्या दरबारातल्या गंजिफ्याचं वर्णन अबुल फजलने केलं आहे. मोगली गंजिफ्यात ९६ पानं आणि आठ रंग: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. पुढे आपल्याकडच्या चिताऱ्यांनी ताज-शमशेरीच्या जागी मत्स्य-कूर्म बसवले आणि रंग आठाचे दहा केले. दरबारातला खेळ ओसरीवर उतरला तो असा. तो उतरताना त्याच्या दोन जाती पडल्या. श्रीमंतांसाठी हस्तिदंती किंवा कासवाच्या पाठीच्या पानांवर बारीक काम केलेला तो दरबारी कलम. चारचौघांसाठी कागदाच्या, कापडाच्या पानांवर झपाट्याने रंगवलेला तो बाजारी कलम. कलेच्या पुस्तकांत पहिल्याचं कौतुक असतं. धंदा मात्र दुसऱ्यावर चालत असणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

पान तयार कसं होतं ते जवळून पाहिलं की ही वाटणी जास्त कळते. कागदाचे किंवा जुनेराचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, वर पांढरा लेप द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटून घ्यायचं. मग गोल चकत्या कापायच्या. चकतीवर आधी रंगाची जमीन, मग काठाची रेघ, मग चिन्हं, शेवटी लाखेचा हात. पाठीमागची बाजू सगळ्या पानांची तंतोतंत एकसारखी हवी. एखाद्या पाठीवर रंगाचा ओघळ राहिला तर ते पान लगेच ओळखू येतं आणि डाव फुकट जातो. आता मोजणी करा. एक्क्यापासून दश्शीपर्यंत एका रंगात ५५ चिन्हं होतात. मत्स्याच्या रंगात ५५ मासे. दहा रंगांत ५५०, आणि हा हिशोब एका डावाचा. चितारी पहिला मासा बघून काढतो, दहावा सवयीने, आणि चाळिसाव्याला पोहोचेपर्यंत मासा म्हणजे अंगाची एक रेघ, शेपटीचे दोन फटकारे आणि डोळ्याचा एक ठिपका एवढाच उरतो. रेघ पुन्हा गिरवायला वेळ नसतो, म्हणून ती पहिल्या खेपेलाच बरोबर यावी लागते. जुन्या बाजारी पानांवरच्या रेघेत जो सैलपणा आणि ठामपणा एकदम दिसतो, तो याच घाईतून आलेला आहे. राजाच्या पानावर घोड्याची मान किंवा रथाचं चाक ज्या बिनचूकपणे वळतं, तो हातही या माशांवरच बसलेला असतो. फक्त राजे काढणाऱ्या कारागिराला तो सराव मिळायचा कुठून?

खेळ या चित्रांवर आणखी एक शिस्त लादतो. गोल पानाला कोपरा नाही, त्यामुळे इंग्रजी पत्त्यासारखा कोपऱ्यात आकडा लिहून भागत नाही. तिघांच्या डावात प्रत्येकाच्या वाट्याला ४० पानं येतात. एवढी पानं हातात पसरली की प्रत्येकाची जेमतेम एक कड दिसते, आणि त्या कडेवर ओळख पटवणारी गोष्ट एकच: जमिनीचा रंग. म्हणून दहा जमिनी दिव्याच्या उजेडातही एकमेकींपासून वेगळ्या वाटल्या पाहिजेत, आणि सात परशू आणि आठ परशू यांतला फरक न मोजता, मांडणीवरूनच कळला पाहिजे. आठ परशूंची चार-चार अशी ओळ मांडायची की मध्ये दोन ठेवून भोवती सहा फिरवायचे, हा चिताऱ्याच्या हौसेचा प्रश्न नाही. खेळणाऱ्याच्या डोळ्याचा आहे. त्यात पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाच्या राजाची. इतका गुंता डोक्यात ठेवून खेळणाऱ्याला पान वाचायला क्षणभरही अडखळून चालत नाही. शोभेसाठी काढलेल्या पानाला हा जाब कोणी विचारत नाही. तिथे जमिनीचा रंग भिंतीशी जुळला की झालं, आणि मग निळा आणि जांभळा शेजारी शेजारी आले तरी चुकल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही.

हे म्हणताना सावंतवाडीच्या पुनरुज्जीवनाला कमी लेखायचं नाही. छापील बावन्न पत्ते आले, स्वस्त झाले आणि हाताने रंगवलेल्या पानांचं गिऱ्हाईक गेलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुंडलिक चितारी यांच्यासारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वृद्ध जाणकार राहिले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून हे काम समजून घेतलं, स्वतः कुंचला हातात धरला आणि राजवाड्याचा दरबार कारागिरांना बसायला मोकळा केला. तसं झालं नसतं तर आज गंजिफ्याबद्दलचा वाद फक्त संग्रहालयांपुरता उरला असता. मुंबईत चित्रसमीक्षक म्हणून वावरलेल्या आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या रुडॉल्फ फॉन लायडेन यांनीही या पानांचा चिकाटीने अभ्यास केला आणि ती जगापुढे मांडली. पण राजवाड्याने वाचवलं ते साहजिकच दरबारी अंगाने. विकत घेणारा पाहुणा, देणारा यजमान, मधली वस्तू भेट. ओसरीवर पथारी टाकून खेळणारा माणूस त्या व्यवहारात परत आला नाही.

हाताने केलेल्या चिमुकल्या चित्रपानांचा आणखी एक प्रकार जगात चालतो, आणि तो इथे तुलनेला उपयोगी आहे. झ्युरिकच्या एम. वांची स्टिर्नेमान या कलाकाराने १९९७ मध्ये अडीच बाय साडेतीन इंचांची चित्रपानं करून लोकांना सांगितलं की तुम्हीही करा आणि अदलाबदल करा. नियम एकच: विकायची नाहीत. थोड्याच वर्षांत त्याच आकाराची विक्रीची पानं ‘एसीईओ’ या वेगळ्या नावाने इंटरनेटच्या लिलावबाजारात उतरली. तिथे हे दोन्ही चालतं, कारण तिथलं प्रत्येक पान स्वतःपुरतं पुरं असतं. शेजारच्या पानाशी त्याचं देणंघेणं नाही. गंजिफ्याचं तसं नाही. मत्स्याची सत्ती एकटी विकली तर ती सात माशांचं बऱ्यापैकी चित्र आहे, बस्स. तिला मोल येतं ते अठ्ठी तिला मारते किंवा ती छक्कीला मारते तेव्हा. सुटी पानं विकणं म्हणजे गंजिफ्याला त्या दुसऱ्या प्रकारात ढकलणं, आणि त्या बाजारात सावंतवाडीची गाठ जगभरच्या हौशी चित्रकारांशी पडेल. पुऱ्या डावाच्या बाजारात तिला प्रतिस्पर्धी मोजकेच: बंगालमधलं विष्णुपूर, ओडिशातली चित्रकारांची गावं, म्हैसूर.

यावर पहिला आक्षेप पोटाचा. १२० पानांच्या डावाला लागणारे दिवस आणि एका चौकटीतल्या चित्राला लागणारे दिवस यांचा मेळ बसत नाही. चौकट पटकन खपते, कारागिराच्या हाती रोख पैसे येतात. हे खरं आहे, आणि चौकटी बंद करा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण डाव महाग पडतो तो दरबारी बारकाव्यामुळे. लहान आकार, शंभर पानांवर चटपट फटकारे, वीस राजे-प्रधानांवर बेताचं काम, लाकडी रंगीत पेटीऐवजी साधी कापडी थैली, असा डाव ठरवून केला तर हिशोब बदलतो. शिकाऊ हातांना तो सरावाचा माल होईल, आणि आज सराव म्हणून जे रद्दीत जातं त्याला गिऱ्हाईक मिळेल. दुसरा आक्षेप, मग छापूनच का घेऊ नये? छापावा की. शाळांना, शिकणाऱ्यांना छापील डाव द्यावाच. ज्याला खेळ येतो तोच पुढे हातच्या डावाला चार पैसे जास्त मोजतो. तिसरा आक्षेप, की अलीकडे मिळालेल्या भौगोलिक मानांकनानंतर असा भरड माल नावाला बट्टा लावील. याला इतिहासच उत्तर देतो: बाजारी कलम हा या कलेचाच अर्धा भाग आहे, तिची नक्कल नव्हे.

सगळ्यात वजनदार आक्षेप चौथा: खेळतो कोण? नियम अवघड, पानं एकशेवीस, वर सगळं लक्षात ठेवायचं. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. मोबाइल खाली ठेवून घराघरांत गंजिफा सुरू होईल अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. पण हुकमाचा रंग नसलेला हा खेळ ब्रिजपेक्षा फार अवघड नाही, आणि तो मोडून गेलेलाच आहे असंही नाही. ओडिशात गंजपा खेळणारी माणसं अजून आहेत. सगळ्यांनी खेळण्याची जरुरीही नाही. कोकणातल्या काही वाचनालयांत, काही शाळांत, गणपतीत मुंबईहून आलेल्या काही घरांत डाव पडला तरी पुरे. कारण खेळलेला डाव झिजतो, पान हरवतं, कड उकलते. छापील कॅटमधली बदामची राणी हरवली की सगळी कॅट टाकावी लागते. हातच्या डावातली परशुरामाची नव्वी हरवली तर थैली घेऊन चिताऱ्याकडे जाता येतं: तो शेजारची अठ्ठी समोर ठेवतो, जमिनीचा रंग जुळवतो, पाठ तशीच करतो आणि एका पानाचे पैसे घेतो. जुन्या डावांत मागून घातलेली अशी बदली पानं सापडतात. भिंतीवरच्या चौकटीचं गिऱ्हाईक एकदाच येतं; या गिऱ्हाइकाला दर पावसाळ्यानंतर यावं लागेल.