तोड येईपर्यंतचे मन



या पानावर आम्ही एरवी बेणे प्रक्रिया, हुमणी, खोडव्याची बुडखा छाटणी असे विषय घेत असतो. या खेपेस मनाचा विषय घेतला आहे. शेतकी खात्याला मनाचे काय पडले, असे काहीजण म्हणतील. परंतु बांधावर फिरताना आमच्या असे ध्यानात येते की, ऊस चांगला असूनही माणूस सुखात नाही, आणि मन ठिकाणावर नसले की हाती आलेला ऊससुद्धा वाया जातो.

२०२२ सालच्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातील सभासदाचा दीड एकर आडसाली ऊस उभा होता. को. ८६०३२, लागण वेळेवर, कांडी चांगली भरलेली. लागण तारखेप्रमाणे त्याची तोड नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यावयाची होती, आणि तसा प्रोग्राम चिटबॉयच्या वहीत लिहिलेलाही होता. घरात मुलीचे बाळंतपण, मुलाची कॉलेजची फी, दुकानदाराची उधारी. एकूण गरज तीस हजारांची. या गड्याने कोणाला न विचारता सगळा ऊस गुऱ्हाळाला देऊन टाकला. टनामागे सहाशे रुपये कमी मिळाले. ऊस ऐंशी टन भरला. म्हणजे तीस हजारांच्या अडचणीपायी अठ्ठेचाळीस हजारांचा खड्डा पडला.

पुढे आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मला हिशेब येत न्हाई असं न्हाई. पर त्या पंधरा दिसांत डोकंच चालत नव्हतं. रात रात झोप न्हाई. बायकोला बी बोललो न्हाई." त्याची घरधनीण आतून म्हणाली, "मला सांगितलं असतं तर माझ्या भावाकडनं आणलं असतं की महिन्याच्या बोलीवर."

आम्ही त्यावेळी मनात त्याला नावे ठेवली, हे कबूल केले पाहिजे. माणूस अडाणी, असे वाटून गेले. ते आमचे चुकले. कसे, ते पुढे सांगतो.

२०१३ साली 'सायन्स' या नामांकित साप्ताहिकात एक अभ्यास छापून आला. आनंदी मणी, सेंदिल मुल्लईनाथन, एल्दार शफीर व जियाइंग झाओ या चौघांनी तो केला. विशेष म्हणजे त्यासाठी त्यांनी निवडले होते तामिळनाडूतील लहान ऊस उत्पादक शेतकरी. कारण उघड आहे. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, त्यामुळे तोडीपूर्वी हात आखडलेला आणि तोडीनंतर मोकळा. शिवाय कारखाना सर्वांचा ऊस एकदम तोडत नाही, पाळीपाळीने तोडतो. त्यामुळे फरक पडला तर तो हवामानाचा की पैशाच्या ओढीचा, हे वेगळे काढता येते.

त्यांनी एकाच शेतकऱ्याला तोडीपूर्वी आणि पुन्हा तोडीनंतर साध्या परीक्षा दिल्या. एक आकृतीतला गाळलेला तुकडा ओळखण्याची. दुसरी आकड्यांची. '५ ५ ५' असे लिहिलेले असता आकडा न वाचता तो किती वेळा आला ते सांगावयाचे, म्हणजे 'तीन'. सोपे वाटते, पण करून पाहा. तोच माणूस, तेच डोके. तोडीपूर्वी तो मंद चालला आणि जास्त चुकला. तोडीनंतर तोच सुधारला. खाण्यापिण्यात किंवा कामाच्या कष्टात फरक होता काय, हेही त्यांनी तपासले. त्यावरून एवढ्या फरकाचा उलगडा होईना. तेव्हा त्यांचे म्हणणे असे की, पैशाची चिंता मनातील जागा अडवून बसते आणि बाकीच्या विचाराला जागा उरत नाही.

आमचा सभासद अडाणी नव्हता. त्याची तोड यावयाची होती, एवढेच.

आता यातून घेण्यासारखे काय, तर तोडीपूर्वीचा महिना-दीड महिना हा मोठा निर्णय घेण्याचा काळ नव्हे. जमीन लिहून देणे, म्हैस विकणे, सावकाराचा कागद करणे, भावाशी बांधाचा वाद कोर्टात नेणे, या गोष्टी त्या दिवसांत टाळाव्यात. टाळता येत नसतील तर घरात बोलून, बाहेरच्या एका जाणत्यालाही विचारून, दोन रात्री जाऊ देऊन मग करावे. आणि देणे किती, येणे किती, कोणत्या तारखेला, हे कागदावर मांडावे. डोक्यात घोळणारे देणे नेहमी खऱ्यापेक्षा मोठे दिसते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोच झाल्यापासून चौदा दिवसांत बिल देण्याचा नियम आहे, आणि सोसायटीचे कर्ज त्या बिलातून परस्पर वळते होते. तेव्हा हातात नक्की काय पडणार, हे आधी काढून ठेवावे. बिल लांबले तर मन खंबीर ठेवून दुकानदार ऐकत नाही, हेही खरे. आम्ही मनाचे सांगतो आहोत म्हणून व्यवस्थेचे दोष झाकतो आहोत, असे कोणी समजू नये.

बरे, बिल आले म्हणजे माणूस सुखी होतो काय? आमचा अनुभव असा की आठ दिवस होतो. नवव्या दिवशी शेजाऱ्याच्या एकरी टनेजची चौकशी सुरू. स्वतःचा उतारा पन्नासवरून पासष्ट टनांवर गेला त्याचा आनंद राहिला बाजूला, पलीकडच्याचा ऐंशी कसा पडला, याचीच रुखरुख. चौकशी जरूर करावी, पण बेण्याची, खताच्या मात्रेची, सरीच्या अंतराची करावी. माणसाचा हेवा करून फुटवा वाढत नाही.

अमेरिकेत १९७८ साली फिलिप ब्रिकमन व सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी बक्षिसे लागलेल्या बावीस जणांची विचारपूस केली. शेजारपाजारच्या साध्या माणसांपेक्षा ते फारसे सुखी आढळले नाहीत. उलट मित्राशी गप्पा मारणे, नाश्ता करणे अशा रोजच्या गोष्टींतली गोडी त्यांना कमी वाटू लागली होती. थोड्या माणसांवरचा हा अभ्यास, त्यावर सगळी इमारत उभी करू नये. तरी बिलाच्या आठ दिवसांशी त्याचे नाते आम्हाला जाणवते.

म्हणून जे रोज हाताशी आहे त्याची नोंद ठेवण्याची सवय बरी. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो यांनी काही विद्यार्थ्यांना दर आठवड्याला, ज्याबद्दल धन्यता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयास सांगितल्या. कटकटी लिहून काढणाऱ्यांपेक्षा त्यांना आपले आयुष्य अधिक बरे वाटू लागले. आपल्याकडे पाण्याच्या पाळीची वही पुष्कळांकडे असते. तिच्याच मागच्या पानावर दोन ओळी लिहिल्या तरी भागते. वही नसली तर रात्री जेवताना घरच्यांना सांगावे. आमच्या घरी हे सुरू केले तेव्हा पहिले चार दिवस पोरे हसली.

ज्यांना झोपच लागत नाही, जीव नकोसा वाटतो, त्यांच्यासाठी वहीचा उपाय पुरा पडणार नाही. त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही फोन घेतात आणि मराठीत बोलता येते. कोणाला कळेल ही भीती धरू नये.

आमच्या खात्याकडूनही एक चूक होत आली. "साहेब, तोड कधी?" म्हणून फोन आला की आम्ही "येईल, येईल" म्हणून मोकळे होत होतो. त्या गड्याच्या तोडीचा आठवडा चिटबॉयच्या वहीत होता, फक्त त्याला कोणी सांगितला नव्हता. तेव्हा यापुढे लागण तारखेप्रमाणे प्रत्येक प्लॉटचा अंदाजे आठवडा गट ऑफिसच्या फळ्यावर लावला जाईल. टोळी कमी पडली, मशीन बंद पडले किंवा पाऊस झाला तर तारीख पुढे जाईल, पण पुढे गेली हेही फळ्यावर लिहिले जाईल. लिहिलेले नसेल तर आम्हाला फोन करावा. नऊच्या आत करावा, म्हणजे शिवारात निघण्यापूर्वी नीट बोलता येईल.