काचेचा ग्लास, रेडिओ आणि चौंडकं : कशाचाही आवाज संगीत कसा होतो?

'यादों की बारात' (1973) मधलं झीनत अमानचं गिटारवालं गाणं आठवतंय? त्याच्या सुरुवातीची किणकिण काचेच्या ग्लासवर चमचा वाजवून काढलेली आहे. दोन वर्षांनी 'शोले'मध्ये आर. डी. बर्मन यांनी बाटलीत फुंकर मारून निघणारा आवाजही गाण्यात वापरला.

पण हे आवाज कुठे येणार, हे आधीच ठरलेलं होतं. काहीच ठरलेलं नसेल तर? त्यालाच म्हणतात मुक्त इम्प्रोव्हायझेशन.

आलापापेक्षा वेगळं काय?

आलापही आयत्या वेळी फुलतो, पण तिथे रागाची चौकट असते. इथे राग, ताल, सम काहीच ठरवायचं नाही. 1965 मध्ये लंडनमध्ये 'एएमएम' हा गट सुरू झाला. त्यातला कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवायचा, तारांवर वस्तू घासायचा आणि मध्येच रेडिओ लावायचा. रेडिओवर काय लागेल, हे त्यालाही माहीत नसायचं.

इफेक्ट काय करतात?

डिले तोच आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवतो. रिव्हर्बमुळे खोलीतला आवाज गाभाऱ्यात घुमल्यासारखा वाटतो. लूपर एक तुकडा फिरवत ठेवतो. वस्तूला चिकटवलेला कॉन्टॅक्ट माइक थेट तिची थरथर पकडतो, त्यामुळे पत्र्याच्या डब्यावर नख ओढलं तरी मोठा आवाज मिळतो.

देवणीत हे सापडेल?

लातूर जिल्ह्यातलं देवणी ओळखलं जातं ते देवणी गोवंशामुळे. पोळ्याला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा ऐका. बैल चालेल तसा नाद बदलत जातो.

आणि देवीच्या गाण्यांतलं चौंडकं? लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, त्यातून ओवलेली तार. तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. पिच शिफ्टर बटणावर करतो ते चौंडक्यावर हाताने होतं. आपण मात्र त्याकडे फक्त विधीचं वाद्य म्हणून बघतो.

मग काहीही वाजवलं तरी चालतं?

नाही. लूपर लावून सगळी जागा भरली की सोबतच्याला काही बोलताच येत नाही. चौकट नसल्यामुळे इथे कान हाच आधार.

करून बघायचंय? दोघं जण, घुंगरं, स्टीलचं ताट आणि मोबाइलवर एखादं डिले ॲप घ्या. पाच मिनिटं वाजवा, रेकॉर्ड करा. मग ऐकताना एवढंच तपासा : दुसऱ्याला जागा द्यायला कोण, कधी थांबलं?