अंदमानला जाताना

अंदमानचा बेत आखताना विमानाच्या तिकिटाआधी बोटींचा विचार करावा. विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला (२०२४पासून श्री विजयपुरम्), पण ज्या किनाऱ्यांसाठी आपण जातो त्यांतला राधानगर आहे हॅवलॉकवर, म्हणजेच स्वराज द्वीपावर. मधला समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी. हा एक नियम पाळला तरी निम्मी काळजी मिटते.

पाऊस इथे दोनदा गाठतो. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे येतात, ते ओसरतात तोवर ईशान्येचे सुरू होतात. डिसेंबरअखेर ते एप्रिल हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा.

घड्याळाचंही भान हवं. ही बेटं मुंबईच्या वीस अंश पूर्वेला, पण वेळ तीच. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. फिरणं पहाटे सुरू करावं.

सेल्युलर जेलला घाईघाईत उरकू नये. १९०६मध्ये पुऱ्या झालेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी पाहायला मराठी माणूस जातोच. शेजारच्या कोठड्यांपुढेही थांबावं, बंगाल-पंजाबातल्या कैद्यांची नावं वाचावीत.

प्रवाळाचा तुकडा, अगदी किनाऱ्यावर पडलेलासुद्धा, पिशवीत टाकू नका. तो गुन्हा आहे. आणि जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर कॅमेरा बंदच ठेवा. ती माणसं आहेत, प्रेक्षणीय स्थळ नव्हे.