नागिणीचा विळखा आणि काचेतला विषाणू

खापासारखं छोटं गाव असो की पुणे, कमरेला फोडांचा पट्टा उठला की घरातलं वडीलधारं माणूस बजावतंच, ‘नागीण आहे. तोंड-शेपूट जुळलं तर माणूस हाती लागत नाही.’ मग गेरूचा लेप लागतो, मंत्र टाकणाऱ्याकडे खेटे होतात. विषाणूविरोधी औषधाचा खरा उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केलं तर होतो, आणि नेमके तेच तास गेरूत जातात.

नागीण कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दबून राहतो आणि प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. तो मज्जातंतू एकाच बाजूचा असल्याने पट्टा सहसा शरीराच्या मध्यरेषेवर थांबतो. क्वचित दोन्ही बाजूंना उठलाच, तर विळख्याने कुणी दगावत नाही. प्रतिकारशक्ती एवढी का खालावली, हे मात्र तपासायला हवं.

‘हर्पिसची गोळी एकच, कुठल्याही हर्पिसला चालते’ हा शिकलेल्यांचा गैरसमज. कांजिण्यांचा विषाणू हर्पिस कुळातलाच, पण माणसाला ग्रासणारे हर्पिस विषाणू आठ-नऊ आहेत. कुठलं औषध कुणाला थांबवतं हे पाहायला प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जिवंत पेशींचा थर वाढवतात, त्यावर विषाणू सोडतात. पेशी मेल्या की थरात भोकं पडतात. औषधाची मात्रा वाढवत नेऊन भोकं निम्म्यावर कधी येतात ते मोजतात. अशा मोजणीत ओठावर फोड आणणारा विषाणू असायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाच्या अगदी थोड्या मात्रेने थांबतो, कांजिण्यांच्या विषाणूला जास्त लागते आणि याच कुळातला सायटोमेगॅलोव्हायरस जवळजवळ दाद देत नाही. त्याच्यासाठी गॅन्सिक्लोव्हिर वापरतात. म्हणूनच असायक्लोव्हिर ओठाच्या फोडांना २०० मिलिग्रॅम, तर नागिणीला ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा देतात. ओठाला लावायची ट्यूब नागिणीवर चोळून काही होत नाही.

पण बशीत विषाणू थांबला म्हणजे औषध सापडलं, असंही नाही. विषाणू तर स्पिरिटनेही मरतो! शेजारच्या निरोगी पेशी जगतात का, हे पाहावं लागतं. आयडॉक्सयुरिडिन हे जुनं औषध तिथेच अडलं. ते निरोगी पेशींनाही बाधतं, म्हणून मुख्यतः डोळ्यांच्या थेंबांपुरतं राहिलं. असायक्लोव्हिरची करामत वेगळी. ते निष्क्रिय रूपात पेशीत शिरतं आणि विषाणूचं स्वतःचं थायमिडिन कायनेज हे विकरच त्याला जागं करतं. मग ते विषाणूच्या डीएनएची नवी साखळी मध्येच थांबवतं. ज्या पेशीत विषाणू वाढत नाही, तिथे ते बहुतांशी निद्रिस्तच. या कामामागच्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं, पण गोळीच्या पाकिटावर त्यांचं नाव कुठे असतं!

‘कोर्स पूर्ण केला, विषाणू मुळासकट गेला’ हे चूक, आणि कारण वरच आलं. गाठींत दबलेला विषाणू वाढतच नसतो, त्यामुळे ते विकरही बनत नाही आणि औषध जागं होत नाही. बशीतल्या चाचणीला हा दबलेला विषाणू दिसतच नाही.

नागिणीचे फोड कपाळावर, नाकाच्या शेंड्याशी उठले तर डोळा धोक्यात असतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. आणि असायक्लोव्हिर मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीचा त्रास असलेल्यांनी तो डॉक्टरांना आधी सांगावा. त्यांची मात्रा कमी करावी लागते.